जावयाच्या पानातली कोळंबी

शैलबाला मंडलच्या तळ्यातल्या कोळंबीचं बागेरहाट जिल्हाभर नाव होतं, आणि ते तिनेच कमावलं होतं. नवरा हरिपद गोगलगायी आणी. ती पहाटेपासून विळीवर कवचं फोडून त्यांचं मांस कोळंबीला चारी. अशी बाई शोधून सापडायची नाही, असं हरिपद मनात रोज म्हणे. तोंडाने मात्र कधीच नाही.

जावयाला घरी बोलावून जेवू घालायचा सण, जामाईषष्ठी, त्याच्या आदल्या दिवशी जाळं ओढलं. लेकीचा नवरा, सुबिनय, पहिल्यांदाच सणाला येणार होता. त्याच्या पानात नारळाच्या दुधातली कोळंबी हवीच. बाकीची न्यायला व्यापारी मोतालेब होडी घेऊन हजर होता.

कोळंबी चांगली टपोरी होती, पण कित्येकींची कात अर्धीच सुटून अडकली होती. शैलबालेने एकीचं डोकं उघडलं. कल्ले काळेकुट्ट.

"अहो, यंदा गोगलगायी कुठून आणल्या?"

"कारखान्यामागच्या नाल्यातून. तिथं कशा मुठीएवढ्या..." हरिपद बोलता बोलता थांबला. जुन्या बॅटऱ्या वितळवणारा तो कारखाना. तिथल्या पोरांच्या रक्तात शिसं निघाल्याचं गावाला ठाऊक होतं. तेच शिसं गोगलगायीतून आपल्या तळ्यात येईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वहिनी, डोकी काढली की कोण बघतंय?" मोतालेब हसला. "मी घेतो ना!"

हरिपदला धीर आला. वर्षाची मेहनत होती ती. तो हळूच म्हणाला, "नेऊ दे त्याला. जावयापुरती शेजारच्या तळ्यातली, निताईकडून आणतो."

"म्हणजे आपल्या जावयाला निताईची, आणि लोकांच्या जावयांना ही?"

हरिपदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोतालेब पुटपुटत निघून गेला. हरिपदने कुदळ घेतली, तळ्यापासून लांब खड्डा खणला. शैलबाला टोपल्या रिकाम्या करत होती. शेवटच्या टोपलीला तिला रडू फुटलं, तरी हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सुबिनयच्या पानात डाळ आणि फणसाची भाजी होती. सासू ताडाच्या पंख्याने वारा घालत होती.

"आई, तुमच्या कोळंबीचं इतकं ऐकलंय! लपवून ठेवलीत की काय?"

पंखा थांबला. शैलबालेची मान खाली गेली.

"पुरली तिने," हरिपद म्हणाला. "विषारी निघाली. मी विकायला निघालो होतो, तिने विकू दिली नाही." त्याने बायकोकडे पाहिलं. "जावईबापू, अशी बाई शोधून सापडायची नाही."

शैलबालेने पदराने डोळे टिपले आणि पंखा पुन्हा हलवायला घेतला.

"जेवा आता," ती म्हणाली. "डाळ निवतेय."