काढता येणारी काच

मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला झालं, तेव्हा डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं की महिनाभर डोळ्याला वारा लागू द्यायचा नाही. आमच्या जऊळक्याहून अमरावती शंभराच्या वर किलोमीटर, आणि दर आठवड्याला तपासणी. एसटीत मायला कारंजा येईपर्यंतच उलट्यांनी अर्धमेलं व्हायला होतं. राहिली माझी मोटारसायकल. म्हणून पुढे लावायची काच घ्यायला मी शेलूबाजारात दौलतसिंगच्या दुकानात गेलो.

त्यानं दोन काढून ठेवल्या. एक मोठी, रुंद, आरपार दिसणारी, बसल्यावर पार हनुवटीपर्यंत येणारी. दुसरी छोटी, काळी, दिसायला एकदम झकास. दोन्ही काचा नुसत्या हातानं स्क्रू फिरवून काढता येणाऱ्या.

"मांगं कोन बसते?" त्यानं विचारलं.

"माय."

"मंग मोठी घ्या, रवीभाऊ. अन् आदी मायले घेऊन या, बसवून पाहू."

"मोठी काई बरी दिसत नाई."

"गावात लाज वाटली तं फाट्याच्या अलीकडं काढून ठेवजा. दोन मिनटाचं काम."

"मले समजते," असं म्हणून मी काळी उचलली.

खरं सांगायचं तर कारण वेगळंच होतं. आमच्या गावातल्या गोविंदसिंगनं मागच्या हिवाळ्यात अशीच मोठी काच लावली होती. तो फाट्यावर आला की चहाच्या टपरीवर बसणारा प्रज्वल ओरडायचा, "येष्टी आली, हात दाखवा." गोविंदसिंग बिचारा जेरीस आला. सगळ्यात मोठ्यानं हसायचो मी.

काळी काच लावून मी चक्कर मारली. छातीला वारा लागला नाही. मला लागत नाही तर माझ्या मागे बसणाऱ्या मायला कुठून लागणार, असा माझा हिशोब. माय आमच्याकडच्या सगळ्या बायांसारखी एका बाजूला पाय सोडून बसते, एक हात माझ्या खांद्यावर, तोंड शेतांकडे. हे मी कळायला लागल्यापासून बघतोय. काच घेताना तेवढं आठवलं नाही.

पहिल्या फेरीला मी विचारलं, "वारा लागते का?"

"नाई रे बाप्पा, चांगलं आहे," ती म्हणाली. घरी आल्यावर गल्लीत सगळ्यांना सांगत सुटली, रवीनं माह्यासाठी काच बसवली. मीही मान ताठ करून ते ऐकलं.

तिसऱ्या तपासणीला डोळा लाल निघाला, सुजलेला. डॉक्टरांनी विचारलं, "वारा लागू दिला का?"

"नाही साहेब, मुद्दाम काच बसवली आहे," मी म्हणालो आणि रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर मायवर घसरलो. "चुलीपाशी बसली असशीन. डोया चोयला असशीन. कितीदा सांगावं तुले?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मायनं काळा चष्मा लावला आणि हळूच म्हणाली, "हो, बसली होती चुलीपाशी."

माझ्या बायकोनं, मंजुषानं, तिला तीन आठवडे चुलीजवळ फिरकूसुद्धा दिलं नव्हतं. मला हे पक्कं माहीत होतं. तरी ते उत्तर ऐकून मला बरं वाटलं.

परतताना काच खडखडायला लागली, म्हणून शेलूबाजारात थांबलो. दौलतसिंगनं मायचा डोळा पाहिला, मग काच पाहिली. स्क्रूला हातही लावला नाही. किल्ली मागून घेतली आणि स्वतः गाडीवर बसला.

"बसा मांगं. माय बसते तसे."

मी हसत हसत एका बाजूला पाय सोडून बसलो. त्यानं मंगरूळपीरच्या रस्त्याला गाडी काढली आणि वेग घेतला. त्याच्या खांद्याला वळसा घालून गार वारा सरळ माझ्या तोंडावर येत होता. जरा पुढे जातो तोच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, एक कान बधिर झाला. माझे डोळे धडधाकट होते. त्यानं गाडी परत दुकानापुढे आणली तेव्हा माय ओट्यावर बसून पदरानं डोळा टिपत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"काहून नाई सांगतलं?" मी विचारलं.

"हौसेनं आनली होती तू."

दौलतसिंगनं काळी काढली, मोठी लावली. त्यानं दोन शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं.

पुढचा सगळा रस्ता माय माझ्या पाठीला गाल टेकून बसली होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा हात सैल होता. किन्हीराजा मागे पडलं. मग आमचा फाटा दिसला, टपरी दिसली, बाकावरची नेहमीची मंडळी दिसली.

मायनं खांद्यावर थोपटलं.

"रवी, थांब. काच काढून घे. घर आलंच आता, तेवढा वारा चालते मले. पोट्टे हासतीन तुले."

म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. त्याहून वाईट हे, की तिनं सांगायच्या आधीच मी गाडी हळू केली होती.