फुसका

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये ‘फुसका’ हा शब्द हसण्यावारी नेत नाहीत. दिवाळीत फटाका वाजला नाही की पोरं ‘फुसका, फुसका’ करत नाचतात, ते वेगळं. रामदास कारखान्यातून उशिरा घरी आला की बायकोला एवढंच सांगायचा, “आज एक फुसका निघाला.” सुंदराबाई पुढे काही विचारत नसे. जो गोळा फुटला नाही तो का फुटला नाही, हे कळेपर्यंत तिथून कुणी हलत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. त्यांची उत्कर्षा हा शब्द ऐकतच वाढली.

ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली आणि पाषाणच्या हवामान संशोधन संस्थेत तिला संशोधनाची जागा मिळाली. काळ असा, की पुण्यात जो तो जावा शिकत होता आणि अमेरिकेचा व्हिसा हीच मोठी पदवी झाली होती. अशात ही पोरगी ढगांच्या मागे लागली म्हटल्यावर क्वार्टर्सला आयतंच खाद्य मिळालं. “काय, आज पाऊस आहे म्हणता? मग छत्री घरी ठेवतो,” असं तिला दूधवाल्यापासून सगळे ऐकवत. विनोद जुना होता, पण पुण्यात विनोद जुना झाला म्हणून कुणी टाकून देत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी तिचा साखरपुडा ठरला. मुलगा येरवड्याचा, योगेश, सॉफ्टवेअरमध्ये. त्याचे संभाजीमामा सदाशिव पेठेत कम्प्युटर क्लास चालवत आणि जगातल्या प्रत्येक माणसाकडे भावी विद्यार्थी म्हणूनच बघत. योगेशच्या कंपनीत उत्कर्षासाठी त्यांनी परस्पर शब्द टाकून ठेवला होता. सोमवारी तिने कंपनीत हजर व्हावं, असा त्यांचा बेत होता. सोमवारीच संस्थेत रुजू व्हायचं, असा उत्कर्षाचा होता. साखरपुडा झाला की पोरगी वळेल, असं मामांनी गृहीत धरलं होतं.

रविवारी सकाळी तिने आभाळाकडे पाहिलं, आदल्या दिवशीचे नकाशे आठवले आणि वडिलांना म्हणाली, “पप्पा, मैदानात मांडव नको. संध्याकाळी वळीव येईल. अशा हवेत दहातल्या सहा वेळा येतो.”

रामदासने उभा मांडव सोडला आणि सगळा कार्यक्रम बुद्धविहाराच्या हॉलमध्ये हलवला. हॉल चिंचोळा. त्यात वीज गेली, पंखे थांबले आणि पाहुणे पत्रिकांनी वारा घेत बसले. पाषाणच्या टेकड्यांवर ढग चढले, चांगले काळेभोर झाले. सगळे खिडकीशी जमले. उत्कर्षाचा जीव टांगणीला लागला. आणि मग ते ढग कडेकडेने विरत गेले. एक थेंब पडला नाही.

“फुसका बार!” संभाजीमामांनी टाळी दिली. हॉल हसला. घामाने भिजलेली माणसं जरा जास्तच हसली.

हसू ओसरल्यावर मामा मुद्द्यावर आले. “आता तरी पटलं ना आपल्याला? उद्या कंपनीत या. ती संस्था-बिंस्था सोडा. नाहीतर ही अंगठी आमच्याच खिशात बरी.”

उत्कर्षाने योगेशकडे पाहिलं. “एक वर्ष ॲडजस्ट कर ना,” तो पुटपुटला, “मग बघू.” योगेश चांगला होता. पण नुसत्या चांगुलपणाला कणा नसतो.

तिचे कान तापले होते. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. वडिलांनी तिच्या शब्दावर मांडव सोडला होता. पण लाजेच्या खालून राग वर आला आणि ती उभी राहिली.

“चुकलं माझं, मामा. ढग एवढे वर चढले आणि विरले. का विरले, मला माहीत नाही. तुम्हाला आहे?”

“मला कशाला माहीत असेल?”

“इथे कुणालाच माहीत नाही. म्हणूनच उद्या संस्थेत जायचंय. सगळे अंदाज बरोबर आले असते, तर माझं तिथे काम काय होतं?”

“रामदासराव, अहो, समजवा पोरीला!”

रामदास खाली मान घालून बसला होता. हे लग्न त्याला मनापासून हवं होतं. तो सावकाश उठला, मामांकडे न बघता बायकोकडे वळला आणि म्हणाला,

“आज एक फुसका निघालाय. वेळ लागेल.”

सुंदराबाईने काही विचारलं नाही. मुलाकडून आलेली साडी आणि पेढे होते ते ताट तिने उचललं, मामांपुढे नेऊन ठेवलं आणि हात जोडले. “जयभीम. सावकाश जा, बाहेर ऊन आहे.”

सोमवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. उत्कर्षा बसस्टॉपकडे निघाली तेव्हा दूधवाला थांबलाच. “काय ताई, आज काय म्हणतंय हवामान?”

“कालचंच. दहातल्या सहा वेळा,” ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर छत्री उघडून, रणरणत्या उन्हातून ताठ मानेने चालू लागली.