जिभेतला धागा

जाळ्यात निळा माशीमार अडकला होता. चिमणीहून लहान, पाठ निळी, छाती नारिंगी. पण तो फडफडत नव्हता. दशरथने हाक मारली.

"सर, लवकर या!"

विद्याधर सर निवृत्त प्राध्यापक. मुलुंडच्या बाजूने जंगलात शिरून पक्षी धरायचे, पायात ओळखीची कडी घालून सोडून द्यायचे, हे त्यांचं संशोधन. दशरथचं काम बांबू रोवून जाळी बांधायचं. पक्ष्याला हात फक्त सरांनी लावायचा, हा पहिल्या दिवसाचा नियम. संपात कापडगिरणीतलं काम सुटल्यावर दोन वर्षांनी मिळालेली ही नोकरी. दशरथने तो नियम कधी मोडला नव्हता.

सरांनी पंख सोडवले, पाय सोडवले. तरी पक्षी सुटेना. चोच उघडीच.

"धागा जिभेमागे गेलाय," सर पुटपुटले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. बोटं भलताच धागा ओढत होती. माशीमाराचे डोळे मिटू लागले. ऊन थेट जाळ्यावर आलं होतं.

सरांनी कात्री काढली. तिचं टोक चोचीत न जाता बाजूला टेकलं.

"सर, नको! जीभ कापात!"

"मग काय करू? मरू देऊ?"

"तुमका दिसना नाय, सर." तो बोलून गेला आणि त्याला वाटलं, गेली नोकरी. "माका दिसता धागो. द्या तेका हयसर."

सरांनी कात्री खिशात ठेवली. मग पक्षी धरलेली मूठ पुढे केली.

दशरथने चोवीस वर्षं मागावर तुटलेले धागे सांधले होते. पण मागाचं काळीज असं बोटाखाली धडधडत नसे. त्याने गवताची काडी जिभेखाली सरकवली, श्वास रोखला, धागा एका बाजूने उचलला. निसटला. पुन्हा उचलला. या वेळी तो सुटून बाहेर आला.

"कडी नको," सर म्हणाले. "बस झालं त्याला."

सावलीतल्या फांदीवर पक्षी बराच वेळ नुसता बसून होता. मग झुडपात शिरला.

सर दगडावर टेकले. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"महिना झाला."

"बोलला का नाहीस?"

"भ्यालो, सर."

"एखादा मेला असता, दशरथ."

सरांनी वही मांडीवर घेतली.

"अजून दोन जाळी आहेत. तू सोडव, मी लिहितो."