शुक्रवारची मॅच

सिराज सर अठरा वर्षं कुवेतच्या एका कॉलेजात फुटबॉल शिकवत होते. पुढं सगळा क्रीडा विभागच त्यांच्या गळ्यात पडला. मैदानाच्या गवतापासून बसच्या वेळेपर्यंत सगळं तेच बघायचे. हर्णैचा माणूस, आवाज असा की लांबचा गोलकीपरही दचकावा. पोरं घाबरायची आणि जीवही टाकायची.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौजा शिरल्या, कॉलेज बंद पडलं. महिनाभरानं एक इराकी अधिकारी सरांच्या फरवानिया भागातल्या घराच्या दारात उभा. बोलायला साखर! शुक्रवारी मॅच खेळवा, टीव्हीवर दाखवायचीय, खेळतील त्यांना बाहेर फिरायचा परवाना देऊ.

"ह्यांच्यावर भरवसा ठेवताय?" मुनिरा, त्यांची बायको, जॉर्डनमार्गे मायदेशी परतायला अम्मानला निघायची बॅग भरत होती. "डोकं फिरलंय का तुमचं?"

"अगं, पोरं कधीची घरात कोंडलीयत. परवाना मिळाला तर सुटतील बिचारी."

भोळेपणा म्हणा, मास्तरकी म्हणा. सरांनी एकेकाला फोन केले. कप्तान कमालची आई जमिला मात्र काही केल्या ऐकेना. सर स्वतः तिच्या घरी रुमैथियाला गेले. "माझ्या जबाबदारीवर पाठवा, बाई," म्हणाले. पाठवलं तिनं.

शुक्रवारी मुलं बूट बांधत होती, तेवढ्यात लष्करी ट्रक थेट मैदानात घुसला. शिट्टी वाजलीच नाही. कुवेती पोरं तेवढी उचलली, पाच जण, त्यांत कमालही. सर ओरडत मागं धावले, बंदुकीचा दस्ता छातीत खाल्ला. काय उपयोग?

मुनिरा एकटीच अम्मानला गेली. सर छावण्यांच्या फाटकांवर हेलपाटे घालत राहिले.

फेब्रुवारीअखेर देश मोकळा झाला, बंदी परतू लागले. त्या पाचांतला एकही आला नाही. कॉलेजातून सरांना कामावर बोलावणं आलं, पण आधी जमिलाला तोंड दाखवायचं होतं. तिनं थोबाडीत मारावी, एवढंच मागणं घेऊन ते तिच्या घरी गेले.

तिनं मारलं नाही. खुर्ची दिली. समोर बसून म्हणाली, "नेण्याआधी खेळला तरी का तो?"



"खेळला की," ते म्हणाले. "दोन गोल मारले. एक तर डाव्या पायानं."

जमिलाचा चेहरा उजळला. "मग बरं झालं मी पाठवला," म्हणाली, आणि सरांसाठी चहा टाकायला आत गेली. सर खुर्चीत बसल्या बसल्या ढसाढसा रडू लागले.