उंटावरचा शहाणा

एकोणऐंशी साली सदानंद दाबके नोकरीसाठी बहरीनला निघाले, तेव्हा त्यांच्या पुण्यातल्या क्लबाने त्यांना हार घातला, लाकडी पट दिला आणि तिकडे बुद्धिबळाचा प्रसार करून अहवाल पाठवायला बजावलं. क्लबात दाबक्यांचा नंबर शेवटून दुसरा होता. पण वाळवंटात आपणच वस्ताद ठरणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पहिला शिष्य त्यांनी ऑफिसातच हेरला: बुदैया गावचे म्हातारे ड्रायव्हर, हाजी जासिम. जेवणाच्या सुट्टीत पट मांडून दाबक्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत सुरुवात केली, "हाजीसाब, ये राजा, ये वजीर. और ये ऊंट, तिरछा चलता है."

हाजींनी सोंगटी उचलून निरखली. उमेदीची वर्षं मुंबईच्या व्यापाऱ्यांत काढल्यामुळे त्यांची हिंदी दाबक्यांपेक्षा बरी होती. "इसको हम फील बोलते हैं, हाथी," ते म्हणाले. "मेरे बाप के पास सात ऊंट थे. तिरछा एक भी नहीं चला."

"खेलते खेलते समझेगा," दाबके मोठ्या मायेने म्हणाले आणि पांढऱ्या सोंगट्या त्यांनी हाजींना देऊन टाकल्या.

चौदाव्या खेळीला तोच तिरपा प्राणी दाबक्यांच्या राजाच्या छाताडावर येऊन बसला.

"शाह मात. खलास," हाजी म्हणाले. मग दाबक्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी हळूच विचारलं, "आपके मुल्क में ये खेल नया आया है?"

महिनाअखेरीस दाबक्यांनी क्लबाला प्रामाणिक अहवाल धाडला: 'बहरीनमध्ये बुद्धिबळ न येणारा एक माणूस सापडला आहे. त्याची शिकवणी सुरू आहे.'