गोंदणाचे तीन ठिपके

फोनच्या भिंगावर तांदळाच्या पिठाचा ठसा, तिच्याच अंगठ्याचा... आणि ‘आधी भिंग पूस गं आई’ हे लेकीचं, रुचिताचं, पहिलंच वाक्य ती विसरली होती. दर्शनाने भिंग ओढणीने पुसलं. समोर कोलशेतच्या घराच्या ओटीवर तिची आई, तुळसा, नवं लुगडं नेसून, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेली. “भिंतीवर लावाला बरा दिसंल असा काढ. तुझ्या बापाच्या बाजूला.” वर हसलीसुद्धा!

भिंतीवर म्हणजे हारासकट, हे न कळायला दर्शना काय कुक्कुलं बाळ होती? अठ्ठ्याहत्तर वर्षांची ठणठणीत बाई, सकाळीच कोळणीशी भाव करून भांडून आलेली – हिला कसली एवढी घाई! पण नाही म्हणवेना. डोंबिवलीहून निघताना रुचिताने शिकवलं होतं तसं तिने पडद्यावरच्या रेघांत आईचे डोळे आणले, चेहऱ्यावर बोट टेकवलं, उजेड थोडा वाढवला, आणि काढला.

आई फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. “अगो, माझा गोंदान कुठं गेला?”

हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके नाहीतच! चेहरा गोरागुळगुळीत करणारं ते बटण चालूच राहिलेलं. लहानपणी दर्शना आईच्या मांडीवर पडून हेच ठिपके मोजायची – एक, दोन, तीन, पुन्हा एक – आणि तिचं बोट तोंडाशी गेलं की आई खोटंखोटं चावायची... या मेल्या फोनला काय ठाऊक! दर्शनाला खरोखरच राग आला. तिने ते बटण बंद केलं, पुढे आणखी कशावर तरी बोट लागलं.

“आता हलू नको हां.”

आई श्वास रोखून बसली. दर्शनाने दाबलं, पण खट्‌ असा आवाज काही येईना, म्हणून ती तशीच फोन धरून उभी...

“झाला का?”

“थांब गं.”

“झाला का मेला?” आणि आईला जे हसू फुटलं, पार डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, हनुवटीवरचे ठिपके नुसते नाचत होते.

फोटो नव्हताच तो. पाऊण मिनिटाचा व्हिडिओ निघाला होता.

“लागंल भिंतीवर?”

“नाही लागायचा,” दर्शना म्हणाली, आणि तिला एकदम हलकं हलकं वाटलं. पुन्हा काढायला हवा होता खरा. ऊन होतं, फोन चार्ज होता, आई तयार बसलेली... काढीन. पुढच्या खेपेला काढीन. ती आईला खेटून बसली, व्हिडिओ पुन्हा लावला आणि ठिपके मोजू लागली – एक, दोन... आणि तिथेच आई हसते, मोजायचं राहून जातं.