पितळेची ओळ

त्या सभागृहात शिरलं की पेंटरीण आपोआप हळू बोलू लागायची. एरवी तिचा आवाज कसा, तर रंगाच्या दुकानात घासाघीस सुरू केली की पलीकडच्या गल्लीत कळावं. पण त्या दारातून पाऊल आत पडलं की बाईंची मांजर व्हायची. सभागृहच तसं होतं. छत बघायला मान मागे टाकावी आणि तोल जाऊन दोन पावलं मागे यावं, इतकं उंच. समोरच्या भिंतीवर काळ्या लाकडाचा सन्मानफलक, त्यावर शाळेच्या पहिल्या वर्षापासून एकेका वर्षाची एकेक ओळ: वर्ष आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम विद्यार्थ्याचं नाव. सगळं खऱ्या सोन्याच्या वर्खात. सकाळी दहाच्या सुमाराला पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन आत यायचं आणि ओळी वरून खाली एकामागून एक पेटत जायच्या. पेंटरिणीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा.

त्यातल्या चाळीस ओळी तिच्या बाबांच्या हातच्या. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून सहा वर्षं ती लिहीत होती. पेंटरची मुलगी म्हणून पेंटरीण, हे नाव तिला याच शाळेतल्या मुलींनी ठेवलं होतं, कारण ती स्वतः इथेच शिकली. बडेबडे लोक मुलांच्या प्रवेशासाठी जिथे उंबरे झिजवायचे, तिथे एका रंगाऱ्याची मुलगी पाचवीपासून आठ वर्षं वसतिगृहात राहून शिकली. मोठ्या सरांची कृपा, असं बाबा म्हणायचे. मोठे सर म्हणजे तेव्हाचे मुख्याध्यापक. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण बाबा अजून त्यांचं नाव घेताना सावरून बसायचे.

दरवर्षी स्थापनादिनाला शाळेतलं सगळ्यात लहान मूल स्टुलावर उभं राहून फलकावरची सगळी नावं वाचायचं, आणि प्रत्येक नावाला सातशे मुलं एका आवाजात म्हणायची, "हजर!" मेलेल्यांनाही हजर, परदेशी गेलेल्यांनाही हजर. खिडक्यांच्या काचा हादरायच्या. पेंटरीण शाळेत असताना तिचा हजर सगळ्यांत मोठा असायचा. बाबांनी लिहिलेली नावं ना ती!

तर स्थापनादिनाच्या दोन दिवस आधी शाळेतून फोन आला, ताबडतोब या. ती पोचली तेव्हा शिपाई शिडीपाशी गुन्हेगारासारखा उभा होता.

"ताई, खरं सांगतो, नुसतं ओलं फडकं फिरवलं."

"ओलं?" तिचा आवाज सभागृहाची मर्यादा विसरला. "बोर्डाला पाणी लावायचं नाही, हे इथल्या भिंतींनासुद्धा पाठ आहे! कोरड्या ब्रशनं झटकायचं, बास."

"ती एक ओळ काळी पडलेली ना, म्हटलं पाहुणे येणार, जरा पुसू. तर अक्षरच हातात आलं."

ती एक ओळ म्हणजे एकतीस वर्षांपूर्वीची. त्या ओळीतला मुलगा आता शाळेच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष होता. वर्षाचा आकडा चकचकीत, नाव मात्र कितीतरी वर्षांपासून तपकिरी पडत चाललेलं. मुलं म्हणायची, अध्यक्षांना ऊन लागलं. तिने बाबांना विचारलं की ते म्हणायचे, दमट हवा. एकशे सात ओळींमधून दमट हवा नेमकी एकाच ओळीला कशी शोधून काढते, असं विचारायचं तिच्या मनात यायचं, पण बाबांच्या कामावर शंका घेणं तिच्या जिभेला जमत नव्हतं.

ती शिडी चढली. पहिलं अक्षर गेलं होतं, आणि खालचा काळा रंगही निघाला होता. त्या जागी, काळ्याच्या आत, एक वळण चमकत होतं. खरं सोनं. तिने बोटाला थुंकी लावून कडेचा रंग चोळला आणि बोट नाकाशी नेलं. डिंक! पाण्याने धुऊन जाणारा, डिंकात कालवलेला रंग! दुसऱ्या कुणा कारागिराने या फलकाला असला रंग फासला असता, तर बाबांनी त्याचे ब्रश मोडून त्याच्या हातात दिले असते. आणि वरचं नाव सोन्याचं नव्हतंच. पितळेचा वर्ख होता तो, पाट्यांवर मारतात तो. वर्ष-दोन वर्षं सोन्यासारखा झळकतो आणि मग कळकतो.

तिने ओल्या बोटाने आणखी दोन अक्षरं उघडी केली. एका मुलीचं नाव होतं. वळण बाबांचं. त्यावर लाखेचा पारदर्शक हात दिलेला, म्हणजे पाण्याने सोन्याला धक्का लागू नये. नाव काढायचं असलं की पेंटर ते पार लाकडापर्यंत खरवडून काढतो. इथे कुणी काढलं नव्हतं. झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावं तसं झाकून ठेवलं होतं.

"होईल ना परवापर्यंत?" खालून मुख्याध्यापिका विचारत होत्या. बाई नव्या होत्या, कामसू होत्या. "अध्यक्ष स्वतः येणार आहेत. त्यांचं नाव खऱ्या सोन्यात करा हं या वेळी."

"करते काहीतरी," ती म्हणाली आणि फलकावर पांढरी चादर टांगून घरी आली.

बाबा टेबलाशी बसून आपले जुने ब्रश साफ करत होते. ते ब्रश कुणी वापरत नव्हतं, तरी दर आठवड्याला साफ व्हायचे.

"बाबा, अध्यक्षांच्या ओळीखाली एक नाव आहे."

ब्रश थांबला. "असेल. सोनं महाग. खरवडायला जीव झाला नसेल."

"आणि वर पितळ का?"

"वर्ख संपला होता."

"तुमचा?" तिला त्याही स्थितीत हसू आलं. "घरात मीठ संपलं, साबण संपला, पण तुमचा वर्ख संपलेला मी जन्मात पाहिला नाही. आणि डिंक? तोही दमट हवेनं लावला?"

बाबांनी ब्रश ओळीने मांडून ठेवले. पुन्हा उचलले, पुन्हा मांडले. मग खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

"त्या वर्षी मी टॉवरच्या घड्याळाचे आकडे रंगवत होतो. दुपारची वेळ. खाली दारापाशी रंग कालवत बसलेलो. वसतिगृहाचे सर एका पोराला घेऊन आले. लहान होता, तेव्हाच्या तुझ्याएवढा. वर घेऊन गेले, एकटेच खाली आले आणि दाराला बाहेरून कडी घातली. मला म्हणाले, शिक्षा आहे, तुम्ही जेवून या. मी गेलो जेवायला."

"बाबा..."

"बोलू दे आता. वरून पोर हाका मारत होतं. कडी काढायला मला एक हात लागला असता. पण म्हटलं, एवढी मोठी शाळा, त्यांना कळत असेल. परत आलो तर पोर खाली फरशीवर पडलेलं, गेलेलं. खिडकीतून उतरायला गेलं होतं. आणि दार सताड उघडं."

मुलगा खोडकर होता, आपणच वर चढला, असं शाळेने सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मोठ्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की कडी बाहेरून होती, मी वसतिगृहाच्या खिडकीतून पाहिली. त्या वर्षीची सर्वोत्तम विद्यार्थिनी ती. तिचं नाव आठवड्यापूर्वीच फलकावर लागलं होतं. दुसऱ्या नंबरच्या मुलाने, म्हणजे आजच्या अध्यक्षांनी, लिहून दिलं की दार उघडं होतं, ही खोटं बोलते. त्या मुलीला शाळेतून काढून टाकलं.

"आणि तुम्ही?"

"मला मोठ्या सरांनी खोलीत बोलावलं. म्हणाले, बसा. स्वतः खुर्ची पुढे केली त्यांनी. तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या मी, कुणी पायरीवर बस म्हणालं नव्हतं. म्हणाले, तुम्ही कलावंत आहात, तुम्ही आमच्यातले. शाळेचं नाव तुमच्या हातात आहे. मुलगी केवढी आहे तुमची? जूनपासून पाठवा." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मी कुणाशी बोललो नाही. शाळेच्या मिठाला जागलो. मग ओळ बदलायला सांगितली, तीही बदलली."

"अशी बदललीत की एक दिवस उघडी पडावी."

"तसं काही मनात नव्हतं," बाबा घाईने म्हणाले. मग एक ब्रश उचलून म्हणाले, "हातात होतं की काय, ठाऊक नाही. तू मात्र त्याचंच नाव लिही पुन्हा. मोठ्या सरांच्या नावाला बट्टा नको. माणूस देव होता."

पेंटरिणीला त्यांचा राग आला, आणि त्याच दमात त्यांच्यापुढे मान लववावीशी वाटली. तोंडाने एकतीस वर्षं शाळेची बाजू घेणारा हा म्हातारा, आणि त्याच्याच हातांनी सोन्यावर लाख दिली, वर डिंक फासला, त्यावर पितळ ठेवलं. नाव टिकावं आणि झाकण टिकू नये, इतकं नेमकं काम तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. बोलायची हिंमत नव्हती म्हणून त्यांनी काळाला कामाला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोमट पाण्याची वाटी घेऊन शिडीवर चढली, आणि वर जाऊन नुसती बसून राहिली. काय काय जाणार होतं, ते तिला दिसत होतं. हे काम सुटणार. बाबांच्या चाळीस वर्षांच्या नावावर लोक बोट ठेवणार. आणि शाळा तर तिचीच होती. खाली तिसऱ्या रांगेत तिची जागा होती. तिथे उभं राहून आठ वर्षं तिने ही खोटी ओळ ऐकली होती आणि घसा फाडून हजर म्हटलं होतं. त्याच जूनमध्ये ती इथे आली होती. एका मुलीला बाहेर काढून झालेल्या जागेत आपल्याला आत घेतलं, हे तिला आता कळत होतं, आणि कळल्यावर पुन्हा न कळल्यासारखं करता येत नाही.

तिने कापूस भिजवला. एकेक अक्षर पुसत गेली. पितळेचा चुरा काळ्या पाण्यात मिसळून मनगटावरून ओघळला. दहा वाजले तेव्हा ऊन फलकाच्या माथ्यावर आलं आणि उतरू लागलं. तिच्या हातापाशी पोचलं, तशी ती ओळ पेटली. शेजारच्या ओळींवर इतक्या वर्षांची धूळ बसली होती, ही मात्र काल लिहिल्यासारखी ताजी. पेंटरिणीने श्वास रोखला. वर्ख उडू नये म्हणून पेंटर श्वास रोखतात, पण हा वर्ख उडणारा नव्हता. तिला रडू आलं, आणि शिडीवर बसूनच ती रडली.

"उद्याच पडदा काढा," तिने शिपायाला बजावलं. "आणि फडकं घेऊन फिरकलास तर बघ!"

स्थापनादिनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर आले. नको नको म्हणत होते, पण आले. मुख्याध्यापिकांनी त्यांना ओळखलं आणि पहिल्या रांगेत, अध्यक्षांपासून तिसरी खुर्ची दिली. बाबा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. पेंटरीण भिंतीशी उभी राहिली. चादर निघाली, ऊन आधीच फलकावर होतं, आणि सातशे मुलांच्या तोंडून एक लांब 'आ' निघाला.

नावं वाचायला एक चिमुरडी स्टुलावर चढली. तिला सगळी यादी पाठ होती, साऱ्या शाळेला पाठ असते. ती धडाधड म्हणत सुटली, हजरवर हजर गरजू लागले. एकतीस वर्षांपूर्वीच्या ओळीपाशी येऊन ती अडखळली. तोंडात एक नाव होतं, भिंतीवर दुसरंच. तिने मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्यांना काहीच कळेना. तिने पुन्हा फलकाकडे पाहिलं, आणि तिथे लिहिलेलं नाव वाचलं.

हजर आला नाही. सातशे मुलं गोंधळून एकमेकांकडे बघू लागली.

अध्यक्ष उठले. "लिहिण्यात चूक झालीय," ते हसून म्हणाले. "बाळ, तू पुढची ओळ वाच."

"चूक नाही."

पेंटरिणीला वाटलं आपणच बोललो. पण बाबा उभे होते. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती. मग त्यांनी खुर्ची सोडून दिली.

"ते नाव मी लिहिलंय. खरं तेच आहे. टॉवरच्या दाराला बाहेरून कडी होती. मी पाहिली होती. पोर हाका मारत होतं, आणि मी कडी काढली नाही."

अध्यक्ष उभेच राहिले, आणि त्यांचं हसू चेहऱ्यावर कितीतरी वेळ तसंच अडकून राहिलं. पेंटरिणीला कळेना आता काय होणार. बाबा पुन्हा खाली बसले नाहीत.

स्टुलावरच्या चिमुरडीला बाकी काही समजलं नव्हतं. आपण वाचलेल्या नावाला उत्तर आलं नाही, एवढंच तिला कळलं होतं. आपला आवाज कमी पडला असेल असं वाटून तिने छाती भरून घेतली आणि ते नाव पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून, जोरात वाचलं.

तिसऱ्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, हजर. मग दोघं, मग दहा. मग सगळं सभागृह गरजलं, काचा हादरल्या, आणि त्यात भिंतीशी उभ्या असलेल्या पेंटरिणीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.